दिवा का पेटला? प्राथमिक वर्गात कृतीतून आणि गटातून विज्ञान शिकवताना

विज्ञानाच्या तासाला गट पाडले, मुलांच्या हातात साहित्य दिलं आणि वर्गात गलबला सुरू झाला, की आपल्याला वाटतं, शिकणं चालू झालं. पुष्कळदा ते झालेलं नसतं. मुलं सूचना क्रमाने पाळतात, दिवा पेटतो, सगळे खूश होतात. दुसऱ्या दिवशी "दिवा का पेटला?" असं विचारलं, तर "सेलमधून वीज आली म्हणून" यापुढे काही येत नाही. मनात आधीपासून जी कल्पना होती ती जागची हललेलीच नसते.

माझ्या मते कृती आणि गटकार्य यांचा उपयोग एकाच अटीवर होतो. प्रत्येक मुलाला आपली कल्पना उघड मांडावी लागली पाहिजे, ती प्रयोगाशी ताडून पाहावी लागली पाहिजे आणि सोबत्याला पटवून द्यावी लागली पाहिजे. ही वेळ मुलावर आणायची कशी, ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगते. सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी एकच पाठ उदाहरण म्हणून घेतला आहे: एक सेल, एक छोटा दिवा, एक तार. त्याला साधारण चाळीस मिनिटांच्या दोन तासिका लागतात.

मुलांना काय वाटतं ते आधी शोधा

मूल कोऱ्या मनाने वर्गात येत नाही. जड वस्तू बुडतात, लोकरीचा कपडा स्वतःच ऊब तयार करतो, थंड पाण्याच्या पेल्याबाहेरचे थेंब आतून झिरपून येतात, झाड माती खाऊन वाढतं, अशा कल्पना मुलांनी अनुभवातूनच बांधलेल्या असतात. त्यांना हसू नये. झाडाचं सगळं वजन मातीतून येतं का, हे तपासायला सतराव्या शतकात यान व्हान हेल्मोंट या रसायनशास्त्रज्ञांनी २०० पौंड कोरड्या मातीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड सुमारे १६४ पौंडांनी वाढलं आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्यांच्याही ध्यानात आला नाही. एवढा काळजीपूर्वक प्रयोग करणारा माणूस अर्ध्या वाटेवर थांबू शकतो, तर नऊ वर्षांच्या मुलाकडून एका तासात पूर्ण उत्तराची अपेक्षा का करावी?

विजेबद्दलही मुलांच्या काही ठरावीक कल्पना असतात. न्यूझीलंडमध्ये विज्ञानशिक्षणाचे संशोधक रॉजर ऑस्बर्न यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या विषयावर काम केलं. त्यात आढळलेल्या कल्पना आपल्या वर्गातही हमखास भेटतात. काही मुलांना वाटतं, एकाच तारेने वीज दिव्यापर्यंत पोचली की पुरे. काहींना वाटतं, सेलच्या दोन्ही टोकांकडून दोन प्रकारची वीज निघते आणि दिव्यात त्यांची टक्कर होऊन उजेड पडतो. काहींच्या मते वीज गोल फिरते, पण दिव्यात थोडी खर्च होते आणि परत येताना कमी उरते. चौथी कल्पना विज्ञानाची: बंद वाटेत सगळीकडे सारखाच प्रवाह वाहतो.

म्हणून पाठाच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं काढा. कोऱ्या कागदावर प्रत्येकाला चित्र काढायला सांगा: दिवा पेटवायला सेल, तार आणि दिवा कसे जोडाल? वीज कुठून कुठे जाते ते बाणांनी दाखवा. गुण द्यायचे नाहीत, चूक-बरोबर लिहायचं नाही. घरी या कागदांचे वर सांगितलेल्या कल्पनांप्रमाणे चार ढीग करा. दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं, कुणाला कुणाशेजारी बसवायचं आणि चर्चेत कुणाचं चित्र फळ्यावर घ्यायचं, हे या ढिगांवरूनच ठरतं. पाठाच्या टाचणाला मी जेवढा वेळ देते त्याहून जास्त या कागदांना देते.

साहित्य

प्रत्येक गटाला १.५ व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा तंतू असलेला एक छोटा दिवा आणि दोन्ही टोकं सोललेली वीतभर तार. एलईडी घेऊ नका. तो एकाच दिशेने जोडल्यावर पेटतो आणि १.५ व्होल्टच्या एका सेलवर सहसा पेटतच नाही, त्यामुळे बरोबर जोडणारं मूलसुद्धा गोंधळून जातं. दिव्याचा होल्डर पहिल्या तासाला देऊ नका, कारण दिव्याला स्पर्शाच्या दोन जागा असतात हे मुलांनी शोधायचं असतं आणि होल्डर नेमकं तेच झाकतो. प्रत्येक दिवा आणि सेल आदल्या दिवशी स्वतः तपासून घ्या.

सुरक्षेच्या दोन गोष्टी मुलांकडून वदवून घ्या: भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही, आणि तार गरम लागली की लगेच सोडायची. सेलची दोन टोकं थेट तारेने जोडली की तार तापते आणि हे कुठल्या ना कुठल्या गटात होतंच.

गट तीनचा, संच एकच

मी तीनच मुलांचा गट करते. जोडीतलं एक मूल गैरहजर राहिलं तर दुसरं एकटं पडतं आणि चौघांत एक जण हळूच बाहेर सरकतो. साहित्याचा संच मात्र गटाला एकच द्या, जास्त असला तरी. तीन संच दिले की तीन मुलं शेजारी बसून तीन वेगळी कामं करतात.

गटात थोडं अंतर हवं, फार नको. एक फार पुढचं मूल आणि दोन फार मागची असं केलं तर पुढचं सांगतं आणि बाकीची माना डोलावतात. आदल्या दिवशीच्या ढिगांचा उपयोग इथे होतो. तिघांनी वेगवेगळी चित्रं काढलेली असतील तर वाद आपोआप होतो आणि आपल्याला वादच हवा आहे. एकदा पाडलेला गट महिना-दीड महिना ठेवा, मुलांना एकमेकांची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

आता कामांची वाटणी. एक जण जोडणारा, एक नोंद ठेवणारा, एक शंका विचारणारा. पहिली दोन कामं सगळेच शिक्षक देतात. माझ्या अनुभवात खरा फरक तिसऱ्याने पडतो. शंका विचारणाऱ्याच्या हातात एक कार्ड द्या, त्यावर तीन वाक्यं: "कशावरून म्हणतोस?", "पुन्हा करून दाखव", "याचं दुसरं काही कारण असेल का?" गप्प राहणाऱ्या मुलालाही या कार्डाच्या आधाराने बोलता येतं, कारण प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे असं ठरलेलं असतं. दर दहा मिनिटांनी घंटा वाजवून कामं बदला आणि हा बदल सक्तीचा ठेवा. नाही तर साहित्य कायम धिटाईच्या मुलांच्या हाती आणि वही कायम सुवाच्य अक्षर असलेल्या मुलीच्या हाती राहते.

मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी सहकारी अध्ययनासाठी ज्या अटी मांडल्या, त्यांतल्या दोन मला सर्वांत मोलाच्या वाटतात: एकाशिवाय दुसऱ्याचं काम पुरं होऊ नये आणि शेवटी प्रत्येकाला स्वतंत्रपणे उत्तर देता यावं. गटातून शिकण्यावर संशोधन करणारे रॉबर्ट स्लॅव्हिन यांच्या अभ्यासांचंही म्हणणं तेच: गटाचं समान उद्दिष्ट आणि प्रत्येकाची स्वतःची जबाबदारी असं दोन्ही असेल तेव्हा गटकार्य फळतं. नुसती बाकं जोडून ते होत नाही.

आधी अंदाज, तोही लेखी

सगळ्या पद्धतीतला हा टप्पा कधीही गाळू नका. ऑस्ट्रेलियातले रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गन्स्टन यांनी १९९२ मध्ये अंदाज, निरीक्षण आणि स्पष्टीकरण अशी जी तीन पायऱ्यांची रीत मांडली, तिचा कणा म्हणजे हा अंदाज. प्रयोगाआधी मुलाने आपलं मत लिहून ठेवलं नसेल, तर प्रयोगानंतर प्रत्येक जण "मला माहीतच होतं" म्हणतो आणि तो खोटंही बोलत नसतो. आपलं आधीचं मत त्याला खरोखरच आठवत नसतं.

फळ्यावर चार चित्रं काढा.

अ) दिव्याचं खालचं टोक सेलच्या धन टोकावर टेकवलेलं, तार नाहीच.

ब) सेलच्या एका टोकापासून तार निघून दिव्याच्या खालच्या टोकाला लावलेली, बाकी काही नाही.

क) दिव्याचं खालचं टोक सेलच्या धन टोकावर आणि ऋण टोकापासून निघालेली तार दिव्याच्या धातूच्या कडेला.

ड) दिवा आडवा. त्याची धातूची कड धन टोकाला टेकलेली आणि ऋण टोकाची तार दिव्याच्या खालच्या टोकाला.

दोन मिनिटं पूर्ण शांतता. प्रत्येकाने आपल्या वहीत प्रत्येक चित्रासाठी "पेटेल" किंवा "पेटणार नाही" लिहायचं आणि पुढे "कारण" लिहून वाक्य पुरं करायचं. मग तीन मिनिटं गटात बोलणं. आधी एकट्याने विचार, मग सोबत्याशी, मग वर्गात, ही रीत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. तिचं बळ पहिल्या एकट्याच्या मिनिटांत आहे. घाईत आपण नेमकी तीच गाळतो आणि मग गटातलं सर्वांत चटपटीत मूल इतरांच्या वतीने विचार करून टाकतं.

बोलून झाल्यावर हात वर करून मतं मोजा आणि आकडे फळ्यावर लिहा. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. "क" बरोबर म्हणणाऱ्यांकडे बघून आपण जरा हसलो, तरी मुलं उत्तर ओळखतात. "ड" पेटणार नाही असं पुष्कळ मुलं म्हणतात, कारण दिवा उभाच असावा असं त्यांना वाटतं. ते चित्र मुद्दाम त्यासाठीच आहे.

आता करून बघा

साहित्य आत्ता वाटा, त्याआधी नाही. चारही जोडण्या करून बघायच्या आणि मग दिवा पेटेल अशी स्वतःची आणखी एखादी जोडणी शोधायची. वेळ पंधरा मिनिटं.

या पंधरा मिनिटांत आपण काय करायचं, ते मला सर्वांत अवघड वाटतं. दिवा पेटत नाही म्हणून मूल केविलवाणं बघतं आणि आपला हात पुढे जातो. थांबवा. आधी विचारा, "तू काय काय करून पाहिलंस?" मग, "पेटलेल्या आणि न पेटलेल्या जोडणीत फरक काय दिसतो?" मग, "तार दिव्याला कुठे कुठे टेकली आहे, बोट ठेवून दाखव." पाचेक मिनिटं धडपडूनही गट पुढे सरकला नाही तर मदत करा, पण जोडून देऊ नका. दिवा भिंगाखाली धरून तंतूची दोन टोकं कुठे जातात ते बघायला सांगा. फिरताना एका कागदावर मुलांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत टिपत जा, पुढच्या चर्चेत ती लागतील.

चर्चा: तीन सेकंद थांबा

बहुतेक शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, असं विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या आसपास विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकताना आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, की मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलं बोलायला लागतात आणि "माहीत नाही" कमी होतं. मुलाचं उत्तर आल्यावरही तेवढंच थांबायचं. ते दुसरं थांबणं जास्त कठीण आहे, कारण "शाबास" जिभेवर तयार असतं. "शाबास" म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथेच संपतो. त्याऐवजी "हे कुणाला पटलं नाही?" असं विचारा.

अंदाजाचे आकडे फळ्यावर आहेतच, त्यांच्या शेजारी निकाल लिहा. कुठल्या चित्रात सर्वांत जास्त जण फसले? तिथून सुरुवात करा. मुलांकडून हळूहळू हे यायला हवं: दिव्याला स्पर्शाच्या दोन जागा आहेत, सेललाही दोन, आणि या चारही जागा जोडणारी एक अखंड बंद वाट असली तरच दिवा पेटतो.

दुसरी तासिका: दोन दिवे

एका तारेची कल्पना पहिल्या तासात मोडते. वीज दिव्यात खर्च होते ही कल्पना मात्र टिकून राहते. तिच्यासाठी दुसरा तास. साहित्य: दोन सेल, एकाच प्रकारचे दोन दिवे, तीन तारा. आता होल्डर चालतील. दोन्ही दिवे एकाच वाटेत एकापुढे एक लावायचे. जोडण्याआधी पुन्हा लेखी अंदाज: पहिला जास्त उजळेल, दुसरा जास्त, की दोन्ही सारखे?

वीज खर्च होते असं मानणारी मुलं ठामपणे "पहिला" म्हणतात. जोडल्यावर दोन्ही सारखेच उजळतात. वर्ग इथे थोडा गप्प होतो.

एखाद्या गटात एक दिवा किंचित मंद दिसतो आणि ती मुलं ओरडतात, "बघा, आम्ही म्हणत होतो!" ही संधी सोडू नका. त्यांना विचारा, दोष जागेचा की दिव्याचा, हे कसं ठरवाल? बहुतेक वेळा कुणीतरी दिव्यांची अदलाबदल सुचवतंच. अदलाबदल केल्यावर मंदपणा दिव्याबरोबर गेला, तर दोष दिव्याचा. मंदपणा जागेवरच राहिला असता तर दोष जागेचा ठरला असता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा विज्ञानातला फार मोठा धडा मूल इथे स्वतःच्या गरजेतून शिकतं. "चल" आणि "नियंत्रण" हे शब्द फळ्यावर लिहून तो इतका खोल जात नाही.

आणि मग सांगा

कृतीवर विश्वास असलेले काही शिक्षक शेवटपर्यंत काही सांगतच नाहीत. मला ते पटत नाही. २००६ मध्ये पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी नेमकं यावर बोट ठेवलं: नवशिक्याला फार थोड्या मार्गदर्शनात सोडलं, तर त्याची कार्यकारी स्मृती (एका वेळी थोडीच माहिती मनात धरून विचार करण्याची क्षमता) शोधाशोधीतच गुंतून पडते आणि शिकणं कमी होतं. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्प्लस यांनी १९६० च्या दशकात प्राथमिक विज्ञानासाठी मांडलेल्या अध्ययनचक्रात याचं उत्तर आहे: आधी शोध, मग संकल्पनेची ओळख, मग नव्या ठिकाणी वापर. म्हणजे सांगायचं, पण अनुभव आल्यानंतर.

म्हणून आता फळ्याजवळ उभे राहा आणि स्वच्छ सांगा: या बंद वाटेला विद्युत परिपथ म्हणतात, यातून वाहतो तो विद्युत प्रवाह, तो वाटेत सगळीकडे सारखा असतो, आणि दिव्यात खर्च होते ती ऊर्जा. शेवटचा भाग लहान मुलांना जड जातो. दहा वर्षांखालच्या मुलांच्या वर्गात मी प्रवाह सारखा असतो इथपर्यंतच थांबते. मग वापर: वाटेत एक फट ठेवा आणि तिथे खिळा, खोडरबर, पेन्सिलीचं शिसं, नाणं, काडी ठेवून कशातून वाट पुरी होते ते शोधा. शिशावर दिवा मंद पेटतो किंवा पेटतच नाही. त्याचं कारण शोधण्यात वरच्या वर्गातली मुलं खूप रमतात.

प्रत्येक मूल शिकलं का?

गटाची वही सुंदर असते आणि त्यातलं एक मूल पूर्ण कोरं असतं. म्हणून दोन सवयी. वर्गात उत्तर कोण देणार हे चिठ्ठी काढून ठरवा आणि ते आधीच सांगून ठेवा. मग गट आपल्या मागे पडलेल्या सोबत्याला समजावण्याचे कष्ट घेतो. आणि तासाच्या शेवटी प्रत्येकाने एकट्याने एका नव्या चित्राचं उत्तर कारणासह लिहून द्यायचं. गुण कारणाला द्या. बरोबर उत्तर आणि पोकळ कारण यांपेक्षा चुकलेलं उत्तर आणि नीट मांडलेलं कारण पुढच्या पाठासाठी जास्त उपयोगी पडतं.

प्रयोग शक्य नसेल तेव्हा

रक्ताभिसरणासारख्या विषयात मुलांच्या हाती देण्यासारखं फार काही नसतं. तिथे मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे सुरू केलेली जिगसॉ पद्धत वापरा. विषयाचे तीन तुकडे करा: हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसं. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा. हृदय मिळालेली सगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो भाग पक्का करतात, मग आपापल्या गटात परत जाऊन शिकवतात. पक्कं करण्याच्या बैठकीत तुम्ही हजर राहा. तिथे चूक राहिली तर ती सगळ्या गटांत पसरते.

अडचणी

गोंगाट होणारच. कामाचा आवाज आणि भटकलेला आवाज यांतला फरक चार-सहा तासांत कानाला कळायला लागतो. हात वर करण्याची खूण ठरवा. शिक्षकाचा हात वर दिसला की प्रत्येकाने हात वर करून गप्प व्हायचं. ही खूण साहित्याशिवाय आधी सरावाने पक्की करा.

साठ मुलांचा वर्ग असेल तर वीस संच लागतात. ते नसतील तर दहा गट प्रयोग करतील आणि दहा गट त्याच वेळी अंदाजाची कारणं लिहितील, मग अदलाबदल. अंदाज आणि चर्चा तर साठ मुलांतही बिनखर्चाने होतात.

अभ्यासक्रम पुरा कसा होणार, ही भीती खरी आहे. प्रत्येक पाठ असा घेऊ नका. ज्या पाठात मुलांची कल्पना विज्ञानाच्या विरुद्ध जाते तोच निवडा. बाकीचे नेहमीसारखे शिकवा.

सुरुवातीला निवडण्याजोगे काही प्रश्न देते, प्रत्येक प्रश्नाचा अंदाज मात्र मुलांकडून आधी लिहून घ्या. २०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम साखर पूर्ण विरघळली, आता वजन किती? मातीच्या चिकट गोळ्याची होडी केली तर तेवढीच माती तरंगेल का? दोन सारखे बर्फाचे तुकडे, एक उघडा आणि एक लोकरीत गुंडाळलेला, आधी कोणता वितळेल? बर्फाच्या प्रश्नावर मोठी माणसंही अडखळतात. तो तास सकाळी ठेवा, म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत मुलांना जाऊन जाऊन बघता येईल.